भोंगऱ्याला कॅप्शन देणारे आपण

रील अठ्ठावीस सेकंदांचं होतं. सुरुवातीला ढोलाचा क्लोजअप, मग गर्दीवरून फिरणारा कॅमेरा, मग चांदीच्या दुकानासमोर उभी असलेली एक मुलगी. शेजारी एक मुलगा. तो काहीतरी बोलतो, ती हसून मान वळवते. ही मान वळवणं मी स्लो मोशनमध्ये टाकलं होतं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'इथे मुली बाजारात नवरा निवडतात.'

माझ्या अकाउंटवर एरवी पावसाळ्यातल्या वेरूळला चारशे-पाचशे लोक बघून जातात. याला दोन दिवसांत सव्वा लाख व्ह्यूज आले. मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, आठवडाभर दर तासाला आकडा बघत होतो.

वर्षभराने आमच्या कंपनीत एक ट्रेनी आला. शांत मुलगा, कोड नीटनेटका, जेवायला एकटाच बसायचा. गाव विचारलं की 'शहाद्याकडचा' म्हणायचा. तीन महिन्यांनी एका संध्याकाळी माझ्या खुर्चीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, ते धडगावचं रील काढून टाकता का?" मी म्हटलं, का रे? तो म्हणाला, "ती माझी बहीण आहे. तेव्हा नववीत होती. बाजूला आमचा चुलतभाऊ आहे. आजीचं कडं तुटलं होतं, ते जोडून घ्यायला दोघं आले होते."

तो चिडलेला नव्हता. त्यामुळे जास्त लागलं. मी रील तिथेच त्याच्यासमोर डिलीट केलं, चार वेळा सॉरी म्हटलं. तेव्हा त्याने सहज सांगितलं की शाळेत पोरांनी तिला त्या ओळीवरून इतकं चिडवलं, की ती पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. पुढच्या वर्षी भोंगऱ्याला आलीच नाही.

हा लेख माझ्याविरुद्ध आहे. आणि तुमच्यापैकी जे दर फाल्गुनात गाडीत पेट्रोल भरून सातपुड्याकडे निघतात, 'अनएक्सप्लोर्ड महाराष्ट्र' असा हॅशटॅग लावतात, त्यांच्याविरुद्धही आहे. मी एकटाच शहाणा झालोय असा आव नाही. पण एकट्याने शरमून भागणार नाही एवढी ही गोष्ट मोठी आहे.

आम्ही गेलो कसे ते आधी सांगतो, कारण जायच्या रस्त्यावरच बरंच काही लिहून ठेवलेलं होतं आणि आम्ही गाणी लावून ते ओलांडलं. छत्रपती संभाजीनगरहून धडगाव तीनशे किलोमीटरच्या आसपास. कन्नड, चाळीसगाव, धुळे, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापी ओलांडायची, शहादा, आणि मग सातपुड्याचा घाट. यातला पहिला घाट कन्नडचा. त्याला औट्रम घाट म्हणतात. आम्ही तिथे थांबून फोटो काढले, भजी खाल्ली. औट्रम कोण, हे चौघा इंजिनिअरांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

जेम्स औट्रम हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १८१८ला खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, पण डोंगरातले भिल्ल काही ताब्यात येईनात. तेव्हा १८२५मध्ये याच औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. भिल्लांना भिल्लांवर सोडायचं. त्याच वर्षी खानदेशचे तीन तुकडे करून तीन भिल्ल एजंट नेमले, त्यातल्या दक्षिणेकडच्या एजंटाचं ठाणं कन्नडला. आपल्या जिल्ह्यातलं कन्नड, जिथून आपण सीताफळं आणतो. म्हणजे आपल्या घरापासून तासा-दीड तासावर जो घाट लागतो, त्याच्या नावातच या डोंगरी माणसांना कसं वेसण घातलं त्याचा इतिहास आहे. आणि आपण समजतो की आदिवासी भाग सातपुड्यात सुरू होतो. कन्नड, सोयगाव, सिल्लोडमधल्या भिल्ल वस्त्या आपल्याला दिसतच नाहीत, कारण तिथे कुणी मोरपिसांचा टोप घालून नाचत नाही.

धडगावला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. अक्राणी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये गाव, आणि त्या दिवशी गावाला रस्ताच उरला नव्हता. होळीच्या आधीच्या आठवड्यात एकेका गावचा आठवडी बाजार भोंगऱ्या म्हणून भरतो. पाड्यापाड्यांवरून लोक येतात, जीपच्या टपावर बसून, पायी, ढोल खांद्याला लावून. होळीला लागणारं सगळं इथून जातं : डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कडे, घुंगरू, नवे कपडे. गुजरातेत ऊस तोडायला किंवा बांधकामावर गेलेली माणसं होळीसाठी परत आलेली असतात, म्हणून हातात चार पैसे असतात. वर्षभरात भेट नाही असे सोयरे इथे भेटतात. कुणी कर्ज फेडतो, कुणी नवं काढतो. कुणी मोबाइल दुरुस्तीला टाकतो. म्हातारी माणसं झाडाखाली बसून तासन्‌तास बोलतात.

यातलं जवळपास काहीही मी शूट केलं नाही. मला रंग हवे होते.

घरी आल्यावर आम्ही हिशेब वाटून घेतला, तो ॲपमध्ये अजून आहे. पेट्रोल आणि टोल मिळून सहा हजार तीनशे. शहाद्याला मुक्काम दोन हजार दोनशे. धाब्यांवरची जेवणं अठराशे. आणि धडगावच्या बाजारात चौघांनी मिळून खर्च केले एकशे चाळीस रुपये. चहा आणि एक गॉगल. पर्यटनाने स्थानिक लोकांना रोजगार मिळतो म्हणणाऱ्यांनी हा एकशे चाळीसचा आकडा लक्षात ठेवावा. बाजाराला आम्ही काय दिलं? काहीच नाही. बाजारातून काय आणलं? सव्वा लाख व्ह्यूज.

आता त्या ओळीकडे येतो. 'इथे मुली नवरा निवडतात.' ही ओळ मी शोधून काढलेली नव्हती. दर वर्षी होळी जवळ आली की पेपरांत, चॅनलांवर, ट्रॅव्हल पेजेसवर तीच ओळ फिरते. 'आदिवासींचा व्हॅलेंटाइन.' 'प्रेमाचा बाजार.' नदीपलीकडे मध्य प्रदेशात याच बाजारांना भगोरिया म्हणतात, तिथे तर 'भगोरिया म्हणजे भागना, पळून जाणं' अशी व्युत्पत्तीच चिकटवून दिली गेली. त्याच शब्दाचा संबंध भगोर या गावाशी लावणारेही आहेत, पण ते कुणी छापत नाही. गाव म्हटलं की मजा जाते. आदिवासी संघटना वर्षानुवर्षं सांगताहेत की हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे, याला पळून जाण्याचा उत्सव म्हणू नका. आपण ऐकत नाही, कारण खरेदीच्या बाजाराला थंबनेल मिळत नाही.

बाजारात मुलगा-मुलगी भेटतात का? भेटतात की. आवडतात का? आवडतात. आमच्याकडे नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. माझ्या ओळखीत निदान तीन जोडपी अशी आहेत, ज्यांचं सूत कर्णपुऱ्याच्या पाळण्यात जमलं. एक तर खरंच पळून गेलं होतं. म्हणून उद्या जर कुणी परदेशी माणूस येऊन, देवीच्या दर्शनाला रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या बहिणीचा चेहरा शूट करून वर लिहील, 'औरंगाबादच्या मुली या जत्रेत पुरुष निवडतात', तर? तर मोर्चा निघेल. शहर बंद राहील. आणि ते बरोबरच असेल.

बाजार म्हणायचाच असेल तर दुसराही एक आहे. माझं स्थळ बघायला सुरुवात झाली तेव्हा बायोडेटात सगळ्यात वर पॅकेज लिहायचं, असं घरच्यांनी ठरवलं. मुलीकडच्यांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. आमच्या भागात इंजिनिअर, तलाठी, पीएसआय यांचे 'दर' काय चाललेत हे कुठल्याही लग्नाच्या मांडवात कानावर पडतं. हुंडा मुलीच्या बापाने द्यायचा. पावरा आणि भिल्लांत उलटं आहे. देज मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायचं, कारण एक कमावते हात त्या घरातून जाताहेत. देजाचेही प्रश्न आहेत, कर्जं होतात, भांडणं होतात, त्या समाजातले लोकच त्यावर बोलतात. पण ज्यांच्या घरात लग्न म्हणजे उघड उघड बोली आहे, त्या आम्ही तीनशे किलोमीटर जाऊन दुसऱ्याच्या गूळ-डाळ्यांच्या बाजाराला लग्नाचा बाजार म्हणावं, याला काय म्हणायचं?

इथवरचा माझा राग कॅप्शनवर आहे. पण कॅप्शन चुकीची होती एवढंच असतं तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. त्या ट्रेनीशी पुढे बोलणं होत गेलं तेव्हा कळलं की आम्ही त्या बाजारातली सगळ्यात मोठी गोष्ट पाहिलीच नव्हती. ती म्हणजे सीमा.

धडगावच्या उत्तरेला डोंगर उतरत उतरत नर्मदेला भिडतात. पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा, अलीराजपूर आणि बडवानी जिल्ह्यांचा. पश्चिमेला अक्कलकुवा तालुका, त्याच्या पलीकडे गुजरात. हे सगळं एकाच लोकांचं आहे. बोली थोड्या बदलतात, लुगड्याचे रंग बदलतात, पण सोयरीक सगळीकडे. नदी त्यांना कधी आडवी आली नाही. आडवे आलो ते आपण. १ मे १९६० हा दिवस आपण महाराष्ट्र दिन म्हणून झेंडावंदन आणि जिलेबीने साजरा करतो. त्याच दिवशी तेव्हाच्या पश्चिम खानदेशातली, नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातली दीडशेहून जास्त गावं गुजरातेत गेली. डांगही गेला. तिथल्या भिल्लांनी, कोकण्यांनी, वसाव्यांनी घरात मराठी बोलायची की गुजराती, यावर आपले आणि गुजरातचे पुढारी भांडले. ते दोन्ही बोलत नव्हते, हा मुद्दा कुणाच्या यादीत नव्हता.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे तुम्ही पाहिलं असेलच. तिथल्या बाकड्यावर एक पाय या राज्यात, एक त्या राज्यात टाकून काढलेले फोटो ढिगाने आहेत. आपल्यासाठी सीमा म्हणजे सेल्फी पॉइंट.

त्यांच्यासाठी काय आहे? साधं उदाहरण देतो. अक्राणीतले पावरा आणि नदीपलीकडचे बारेला हे एकच लोक. पण अनुसूचित जमातींची यादी घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे राज्यागणिक वेगळी असते. महाराष्ट्राच्या यादीत 'पावरा' आहे, 'बारेला' नाही. मध्य प्रदेशाच्या यादीत 'बारेला' आहे, 'पावरा' नाही. आमच्या धंद्यात एकाच माणसाची दोन टेबलांत दोन वेगळ्या नावांनी नोंद झाली तर आम्ही त्याला बग म्हणतो आणि रात्री जागून तो काढतो. इथे तो बग दाखल्यावर शिक्का मारून देतात. नदीपलीकडची मुलगी लग्न होऊन अलीकडे आली की तिचा बापाकडचा दाखला महाराष्ट्रातल्या नोकरीच्या आरक्षणाला चालत नाही. एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगून टाकलं आहे. कायद्याच्या बाजूने त्याला कारणं असतील. पण ती मुलगी दोन डोंगर ओलांडून आपल्याच लोकांत आली होती. 'स्थलांतरित' हा शब्द तिला कागदाने चिकटवला.

ज्या शहराच्या नावावरून आपण पस्तीस वर्षं भांडलो, मोर्चे काढले, कोर्टात गेलो, त्या शहरातल्या माणसाला तरी नावाची किंमत कळायला हवी होती.

मग ती नदी. नर्मदा आता तिथे नदी उरलेली नाही, जलाशय आहे. सरदार सरोवराचं पाणी गुजरातच्या धरणापासून मागे मागे सरकत महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणीच्या ३३ गावांत शिरलं. मणिबेली, बिलगाव ही नावं आपल्या आईवडिलांनी नव्वदच्या दशकात पेपरांत वाचली, आपण विसरलो. धरणाच्या विजेची वाटणी ठरली आहे : मध्य प्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७, गुजरात १६. म्हणजे मी ज्या लॅपटॉपवर ते रील एडिट केलं, त्याच्या चार्जरमध्ये त्या बुडालेल्या जमिनीचा कुठेतरी हिस्सा असणारच. बुडालेल्यांचं पुनर्वसन काहींचं तळोद्याच्या सपाटीवर झालं, काहींचं थेट गुजरातेत. एका गावातली भावकी दोन राज्यांत. या लोकांना भोंगऱ्याचा बाजार, होळी, काठीची राजवाडी होळी म्हणजे एकमेकांचे चेहरे बघायची जागा आहे. म्हणून इतकी गर्दी होते. आम्हाला वाटलं, ढोलामुळे होते.

मधे एकदा ऑफिसात लंचच्या वेळी एकाने स्क्रीनवर एका युरोपियन पोराचा व्लॉग लावला होता. इराकच्या सुलेमानिया प्रांतातलं पेंजवेन. इराणच्या सीमेला लागून असलेलं कुर्दी बाजारगाव. बर्फाचे डोंगर, अक्रोड, छोट्या ग्लासातला चहा, मिशाळ म्हातारे, 'जगातले सगळ्यात अगत्यशील लोक'. मध्येच तीन-चार सेकंद पाठीवर आपल्यापेक्षा मोठी गाठोडी घेऊन डोंगर चढणारी माणसं दिसली. व्लॉगर म्हणाला, किती दणकट आहेत हे लोक! आणि कॅमेरा पुन्हा चहाकडे.

ती माणसं कोलबर होती. कोल म्हणजे पाठ, बर म्हणजे ओझं वाहणारा. इराणमधल्या कुर्दी भागात काम नाही म्हणून टायर, टीव्ही, सिगारेट, कपडे पाठीवर टाकून ही सीमा पायी ओलांडतात. काही बर्फात मरतात, काही सीमारक्षकांच्या गोळीने. त्यांच्या दृष्टीने सीमेच्या दोन्ही बाजूंना कुर्दच आहेत. १९२०च्या सेव्हरच्या तहात कुर्दांना स्वतःचा देश मिळण्याची शक्यता लिहिली होती, १९२३च्या लोझानच्या तहात ती गायब झाली, आणि तीन-चार कोटी लोक तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया यांत वाटले गेले. तुर्कस्तानात त्यांना बराच काळ 'डोंगरी तुर्क' म्हणायचे, म्हणजे कुर्द असं काही नाहीच. त्यांच्या भाषेवर १९८३ ते १९९१ कायद्याने बंदी होती. हे सगळं त्या चार सेकंदांत होतं आणि पोरगं म्हणालं, दणकट.

टेबलावरचे सगळे त्याला हसले. मी हसलो नाही. मला माझं रील आठवत होतं.

तुलना ताणायची नाही. सातपुड्याच्या सीमेवर कुणी गोळ्या घालत नाही. नर्मदेच्या दोन्ही काठांना एकच घटना आहे, एकच निवडणूक आयोग आहे, आणि अक्राणीचा माणूस आमदार-खासदार होतो. हा फरक लहान नाही. पण बघणाऱ्याची नजर तीच आहे. सीमा आखणारेही तेच असतात ना, जे नंतर सीमेवरचा बाजार बघायला कॅमेरा घेऊन येतात? राजधानीतले, सपाटीवरचे, ज्यांची भाषा नकाशावर छापली जाते ते.

भाषेचंच घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण स्टेटस ठेवले. मीही ठेवला होता. २०११च्या जनगणनेत भिली किंवा भिलोडी मातृभाषा सांगणारे लोक एक कोटी चार लाख होते. आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांत ही देशातली सगळ्यात मोठी भाषा. काश्मिरी बोलणारे त्यांच्याहून कमी, सिंधी बोलणारे तर कितीतरी कमी, आणि त्या दोन्ही भाषा अनुसूचीत आहेत, असायलाच हव्यात. मग भिली का नाही? कारण तिचे लोक चार राज्यांत वाटलेले आहेत. प्रत्येक राज्यात त्यांची भाषा ही तिथल्या मोठ्या भाषेची 'बोली' ठरते. महाराष्ट्रात म्हणे ती मराठीची, गुजरातेत गुजरातीची, राजस्थानात राजस्थानीची. चार घरांत वाटलेल्या भावंडांसारखं, प्रत्येक घरात पाहुणं.

म्हणून २०२४च्या जुलैत राजस्थानातल्या मानगढला हजारो लोक जमून चार राज्यांतल्या ४९ जिल्ह्यांचा भिल प्रदेश मागत होते, तेव्हा मला ते वेडगळ वाटलं नाही. तुम्हाला ती मागणी पटो न पटो. मला स्वतःला नवं राज्य झालं की सगळं सुरळीत होतं असं वाटत नाही, आपण मराठवाड्यातले लोक या बाबतीत जरा अनुभवी आहोत. पण आपलं वेगळं राज्य १०६ हुतात्म्यांच्या बळावर मिळवलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या भाषिक राज्याच्या मागणीला 'फुटीरता' म्हणताना थोडं अडखळायला हवं.

'म्हणजे आम्ही जायचंच नाही का?' हा प्रश्न मला चौघांनी विचारला, त्यातले दोघं त्या ट्रिपमधलेच. एकजण म्हणाला, "तू आता आम्हाला गिल्ट देतोयस." देतोय. माझ्याकडे भरपूर आहे, वाटून घेऊ.

दुसरा म्हणाला, तिथली पोरं स्वतः रील्स करतात की! करतात, आणि आपल्यापेक्षा भारी करतात. आदिवासी टिमलीच्या गाण्यांवर नाचणारी सातपुड्यातली पोरं यूट्यूबवर बघा. त्यांच्या व्हिडिओंत मित्र असतात, मोटारसायकल असते, नवा शर्ट असतो, ढोल वाजवणारा मामा असतो आणि कॅप्शनमध्ये त्याचं नाव असतं. आपल्या व्हिडिओत 'एक आदिवासी तरुणी' असते. फोन तोच आहे, कॅमेराही तोच. नाव माहीत असण्याचा फरक आहे.

तिसरी गोष्ट म्हणाले ती मला जास्त विचारात टाकणारी होती : लोक गेलेच नाहीत तर तिथले प्रश्न बाहेर येणार कसे? मला हे खरं वाटलं असतं, जर आपल्या जाण्याने कधी काही बाहेर आलं असतं. २०२१च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे चालायला सुरुवात केली, ती वाटेतच गेली. ती बातमी दोन दिवस फिरली. त्याच घाटाचे पावसाळी धुक्यातले ड्रोन शॉट आजही फिरताहेत, 'महाराष्ट्राचं स्वित्झर्लंड' म्हणून. घाट एकच. आपल्याला ड्रोनवाला आवडला.

आणि बाहेर आणायला तिथे माणसं नव्हती असंही नाही. अंबरसिंग सुरतवंती यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात जमिनी आणि मजुरीसाठी भिल्लांना उभं केलं, श्रमिक संघटना तिथूनच निघाली. त्याच भागातले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७चा. त्यांची 'स्टेज' नावाची कविता मी हा लेख लिहायच्या आधी वाचली असती तर कदाचित लिहिलाच नसता. ती आपल्यासारख्यांबद्दलच आहे, स्टेजवर चढून दुसऱ्याचं दुःख त्यालाच सांगणाऱ्यांबद्दल. हे वाक्य लिहितानाही मी स्टेजवरच आहे, हे मला कळतंय. खाली उतरायचा रस्ता मला पूर्ण सापडलेला नाही.

तुम्ही जा. माणूस माणसाच्या बाजाराला जायला कुणाची परवानगी लागत नाही. पण मग बाजारहाट करा. उन्हाळ्यात तिथल्या बायका कैऱ्या सोलून, फोडी करून, डोंगरावर वाळवून आमचूर करतात, हात सोलवटून निघतात, आणि व्यापारी सांगेल त्या भावाला देतात. चार किलो विकत घ्या, घासाघीस न करता. ऑफिसात वाटा. होळीच्या दिवसांत बावा आणि बुध्या दिसतील, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप. त्यांनी नवस पाळलेला असतो. अनवाणी चालतात, खाटेवर झोपत नाहीत, उपास करतात. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याच्या गळ्यात हात टाकून तुम्ही जीभ बाहेर काढून सेल्फी घेता का? नाही ना. मग इथेही नको. ही नियमावली समजू नका, आईने शेजारी पाठवताना सांगितल्यासारखं समजा.

या वर्षी होळीला त्या ट्रेनीने पाच दिवसांची रजा टाकली. मॅनेजरने विचारलं, होळीची सुट्टी तर एकच दिवस असते, पाच कशाला? तो म्हणाला, "घरी कार्यक्रम आहे." मी मध्ये पडून भोंगऱ्या म्हणजे काय ते सांगणार होतो, पण त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. राहू द्या, असं. मी गप्प बसलो. रजा तीन दिवसांची मंजूर झाली. परत आला तेव्हा त्याने टेबलावर आमचुराची पिशवी ठेवली. बहीण यंदा बाजाराला आली होती का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

गेल्या महिन्यात रात्री झोपताना फोन चाळत होतो आणि तो तुकडा पुन्हा समोर आला. मी डिलीट केलेलाच. कुणीतरी कधीतरी उतरवून घेतला होता, कडा कापल्या होत्या, हिंदी गाणं लावलं होतं. ओळ बदलली होती : 'झाबुआ का अनोखा मेला, जहाँ लड़कियाँ चुनती हैं दूल्हा.' धडगावची मुलगी आता मध्य प्रदेशात होती. आजीचं कडं हातात घेऊन ती मान वळवत होती, स्लो मोशनमध्ये. खाली व्ह्यूज होते एकोणीस लाख.

मी रिपोर्ट केलं. 'हे आमच्या नियमांच्या विरोधात नाही' असं उत्तर आलं. त्याला अजून दाखवलेलं नाही.